स्वयंचलित फिनिशिंगमधली नासाडी : मशीनच्या आधी काय पाहावे

आपण विचारले आहे की, नाशिकजवळच्या अंबडच्या छपाई युनिटमध्ये स्वयंचलित कटिंग-क्रीझिंग (कापणे आणि घडीची रेघ पाडणे) मशीन बसवल्यापासून मजुरी वाचली, परंतु रद्दीची पोती पूर्वीपेक्षा लवकर भरू लागली. अशा वेळी विक्रेता सुचवतो ते वर्कफ्लो सॉफ्टवेअर, म्हणजे लेआउट आणि मशीन जोडणारी संगणक प्रणाली, घ्यावे का? माझे मत असे की, आत्ता घेऊ नये. फिनिशिंगच्या, म्हणजे छपाईनंतरच्या कापण्या-दुमडण्याच्या, टेबलावर दिसणारी नासाडी बहुतांशी तिथे घडलेली नसते. लेआउट (शीटवर नगांची मांडणी) लावताना आणि खराब होतील म्हणून जास्तीच्या शीट ठरवतानाच ती पक्की झालेली असते.

व्हिजिटिंग कार्डाचेच उदाहरण घ्या. कार्ड ८९ × ५१ मिमी, शीट १३ × १९ इंच, म्हणजे सुमारे ३३० × ४८३ मिमी. सवयीप्रमाणे चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापून टाकायची, कडेबाहेरची जास्तीची छपाई) ठेवले तर एका कार्डाला ९५ × ५७ मिमी जागा लागते आणि शीटवर २५ कार्डे बसतात. ब्लीड १ मिमीवर आणले तर ९१ × ५३ मिमी जागा पुरते आणि ३० कार्डे बसतात. १००० कार्डांना ४० ऐवजी ३४ शीट लागतात, आणि तेवढेच क्लिकही (डिजिटल मशीनचे दर छापामागचे शुल्क) वाचतात. शाईचा हिशेब तर याहून बोलका आहे. पूर्ण रंगीत पार्श्वभूमीच्या कार्डात ३ मिमी ब्लीड असेल तर कार्डांवर पडणाऱ्या शाईतला सुमारे १६ टक्के भाग सरळ कात्रणात जातो. १ मिमीला तो ६ टक्क्यांच्या आसपास राहतो.

मात्र १ मिमी ब्लीड हा हक्क नव्हे, तो मशीनकडून सिद्ध करून घ्यावा लागतो. त्यासाठी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, दोन कार्डांमधली किती अरुंद पट्टी आपल्या मशीनला कापता येते ते मशीनच्या माहिती-पुस्तिकेत तपासावे. २ मिमीची पट्टी अनेक मशीनना झेपत नाही, आणि तशी कामे गिलोटिनवर (गठ्ठा एकदम कापणाऱ्या मशीनवर) घेणेच बरे. दुसरी, पाठपोट जुळणी, म्हणजे शीटच्या दोन्ही बाजूंची छपाई एकमेकींवर नेमकी येणे. शीटच्या चार कोपऱ्यांत दोन्ही बाजूंना एकाच जागी बारीक अधिक चिन्हे छापावीत, गठ्ठ्याच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची शीट काढून चिन्हाच्या मध्यावर सुई टोचावी, आणि मागच्या बाजूला छिद्र चिन्हापासून किती सरकले आहे ते भिंगाखाली मोजावे. कटिंग मशीन वरच्या बाजूचा रजिस्टर मार्क (छपाईची जागा कळावी म्हणून छापलेली खूण) वाचून वरच्या बाजूची चूक सुधारते; मागची बाजू सरकलेली असेल तर ती तशीच राहते, आणि आपण उगाच कटरला दोष देत बसतो. सरक अर्ध्या मिमीच्या आत असेल तरच ब्लीड कमी करावे.

त्या रजिस्टर मार्काकडेही लक्ष द्यावे. तो फक्त काळ्या शाईत, पांढऱ्या कागदावर, भोवती मोकळी जागा ठेवून छापलेला असावा. डिझाइनचा गडद रंग त्याच्यापर्यंत पसरला, किंवा वरून चकचकीत लॅमिनेशन झाले, की सेन्सर तो चुकवतो आणि चांगल्या छापलेल्या शीट रिजेक्ट ट्रेमध्ये जाऊन पडतात.

आता जास्तीच्या शीट. माझ्या अनुभवात सर्वाधिक कागद इथे जातो, कारण हा निर्णय कोणा एकाचा नसतो. छपाईवाला ५ टक्के वाढवतो, लॅमिनेशनवाला आपले ५ टक्के मागतो, क्रीझिंगवाला आणखी ५. अशाने १००० शीटच्या कामाला ११५८ शीट निघतात. प्रत्येक टप्प्यावर खरी नासाडी ३ टक्के असेल तर ११०० शीटमध्ये काम भागते. खरी किती आहे हे मात्र नोंद ठेवल्याशिवाय कळणार नाही. सुरक्षा मुद्रणात खराब शीटचाही हिशेब द्यावा लागतो, ही शिस्त नाशिकरोडच्या नोटा व मुद्रांक छापणाऱ्या सरकारी छापखान्यांमुळे आपल्या गावाला अपरिचित नाही; साध्या जॉबसाठी एक वही पुरते. जॉब, टप्पा, खराब शीट आणि कारण, एवढे चारच रकाने ठेवावेत, आणि कारणाच्या रकान्यात ‘वेस्टेज’ हा शब्द चालवून घेऊ नये. सेटिंग, जाम, पाठपोट, ओरखडा, क्रीझवर तडा, असे नेमके लिहिले गेले पाहिजे.

क्रीझवरचा तडा बहुधा कागदाच्या ग्रेनचा (तंतूंच्या दिशेचा) आणि शाईच्या थराचा प्रश्न असतो. घडी ग्रेनला समांतर येईल असा लेआउट लावावा, जरी त्यासाठी शीटवर एखादा नग कमी बसला तरी. ऑफसेटच्या कामात चार रंगांच्या (निळा, गुलाबी, पिवळा, काळा; प्रत्येकी कमाल १०० टक्के) शाईची एकूण बेरीज कोटेड (गुळगुळीत लेपाच्या) कागदावर साधारण ३०० टक्क्यांच्या आत ठेवावी. गडद भागातले तीन रंग घटवून त्यांची जागा काळ्याला दिली की शाई वाचते, शीट लवकर वाळते आणि फीडरमध्ये ओरखडे पडत नाहीत.

हवामानाबद्दल थोडक्यात : एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उघड्या गठ्ठ्याच्या कडा आखडतात, पावसाळ्यात त्या लहरतात, आणि दोन्ही वेळी फीडर (मशीनमध्ये शीट ओढणारा भाग) अडकतो. रीम आदल्या दिवशीच मशीनच्या खोलीत आणून ठेवावी, वेष्टन मात्र छपाईच्या वेळीच फोडावे, आणि खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखावी.

सॉफ्टवेअरचा खरा उपयोग असा की, लेआउटमधली कटिंग-क्रीझिंगची मापे पुन्हा टाइप न करता थेट मशीनपर्यंत पोहोचतात. छपाई क्षेत्रातल्या सीआयपी-४ या संस्थेची जेडीएफ ही जॉबची माहिती मशीनना देण्याची पद्धत त्यासाठीच आहे. वहीत ‘सेटिंग’ या कारणाखाली सर्वाधिक शीट दिसल्या, आणि रोज लहान-लहान जॉब बदलत असतील, तर ते अवश्य घ्यावे. २०२७ च्या सिंहस्थाची कामे सुरू झाली की असे जॉब वाढतीलच. ‘पाठपोट’ किंवा ‘जाम’ जास्त निघाले, तर तोच पैसा प्रेसच्या देखभालीवर आणि कागदाच्या खोलीवर खर्च करावा. महिनाभराची नोंद झाली की कारणांनुसार बेरजा कळवाव्यात, त्या पाहून मला अधिक नेमके सांगता येईल.