भोकातून सूर्य दिसला की दिनदर्शिका सापडली का?

डिसेंबर आला की सिसिलीतल्या जेला गावाजवळच्या दगडाचा फोटो फिरू लागतो आणि पाठोपाठ तेच प्रश्न येतात. माहिती थोडक्यात अशी : ३० नोव्हेंबर २०१६ रोजी, दुसऱ्या महायुद्धातले बंकर पाहत फिरणाऱ्या पुरातत्त्व अभ्यासकांना मधोमध साधारण मीटरभर व्यासाचं आरपार भोक असलेला उभा खडक दिसला. त्याच डिसेंबरात कंपास, कॅमेरे आणि ड्रोन लावून त्यांनी पाहिलं, तर वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी उगवता सूर्य त्या भोकात आला. प्रागैतिहासिक सौर दिनदर्शिका सापडल्याची बातमी झाली ती त्यावरून.

हा दिवस म्हणजे आपली मकर संक्रांतच ना? (गिरगाव)

नाही. सूर्य दक्षिणेकडून मागे फिरतो तो २१-२२ डिसेंबरला. आपली संक्रांत ताऱ्यांवरून ठरवलेल्या राशीची आहे, म्हणून ती आता १४-१५ जानेवारीला येते.

जेलाचा दगड खरोखर दिनदर्शिका आहे का? (दादर)

शक्यता चांगली आहे. पण भोक आणि सूर्य एवढ्यावर मी ते मान्य करणार नाही. सूर्याशी जोडता येतील अशा मुख्य रेषा तीन : दोन अयनदिनांच्या (वर्षातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दिवस) आणि एक विषुवदिनाची (दिवस-रात्र सारखी असते तो दिवस). प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी तीन-तीन अंशांची सूट दिली, तर १८० पैकी १८ अंश व्यापले जातात. म्हणजे वारा-पावसानं पडलेल्या दर दहा आरपार भोकांपैकी सरासरी एक निव्वळ योगायोगानं सूर्याकडे तोंड करून असतं.

दुसरी गोष्ट बातम्यांत येतच नाही. अयनदिनाच्या आसपास सूर्य क्षितिजावर जवळजवळ थबकतो. आठवडाभर आधी किंवा नंतर उगवण्याची जागा अर्ध्या बिंबाइतकीही सरकत नाही. त्यामुळे मीटरभर भोकातून ‘नेमका २१ डिसेंबर’ कळतो हे म्हणणं टिकत नाही. हिवाळा आता उतरणीला लागला एवढं मात्र कळतं, आणि पेरणी-कापणीवर जगणाऱ्या माणसाला तेही मोलाचं होतं.

जेलाच्या बाजूनं बोलणारी गोष्ट वेगळीच आहे : जवळच प्रागैतिहासिक दफनभूमी आहे, म्हणजे त्या काळात तिथं माणसांचा वावर होता. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजबद्दल तर शंकाच नाही. इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० च्या त्या दफनवास्तूत दाराच्या वर मुद्दाम बांधलेली झरोक्याची चौकट आहे. उत्खनन करणारे प्राध्यापक ओकेली २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे स्वतः आत थांबले, आणि किरण थेट आतल्या दालनापर्यंत आला. तिथं बांधकाम, काळ आणि दिशा तिन्हींचा मेळ बसतो. आधी हा मेळ दाखवा, मग दिनदर्शिका म्हणा.

राजगडाच्या नेढ्यातून, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकातून, ‘आदिमानवाचा सूर्योदय’ दाखवतो म्हणून एक ट्रेकवाला जादा पैसे मागतोय. जावं का? (मुलुंड)

राजगडावर जरूर जा. त्या नावाखाली पैसे देऊ नका. नेढं नैसर्गिक आहे. आदिमानवाशी त्याचा संबंध दाखवणारा काय पुरावा आहे, ते त्यालाच विचारा.

मोबाइलच्या कंपासवर दगडाची दिशा जेलाइतकीच, पूर्वेच्या ३० अंश दक्षिणेला आली. शोध लागला का? (बोरिवली)

नाही. ३० अंश हा जेलाच्या अक्षांशाचा आकडा. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य त्या दिवशी पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो. शिवाय आपला काळा पाषाण आणि जांभा दोन्हींत लोह आहे. त्यांच्याजवळ कंपास भरकटतो. खगोल अभ्यासकाला सोबत न्या आणि प्रत्यक्ष सूर्योदयावरूनच मोजा.

कोल्हापूरचा किरणोत्सव त्याच परंपरेतला का? (परळ)

अंबाबाईचं देऊळ ऐतिहासिक काळातलं आहे, त्याला प्रागैतिहासिक म्हणू नका. मावळत्या सूर्याचे किरण मूर्तीपर्यंत येण्याचा तो सोहळा नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारी-फेब्रुवारीत येतो, कारण अयनदिनाच्या आधी आणि नंतर साधारण सारख्याच अंतरावर सूर्य त्याच जागी मावळतो.

राजापूरजवळ आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कोरलेल्या आकृती आणि भोक असलेला उभा दगड आहे. पुतण्या म्हणतो, झाडून, खडूनं रेषा उठवून व्हिडिओ टाकू. भावकीतला जमिनीचा वाद मिटला की सरकारला कळवू. शेजारी चिरेखाण सुरू झाली आहे. (विक्रोळी)

पुतण्याला आजच थांबवा. हे मी कळकळीनं सांगतो, कारण असे साफ केलेले सडे मी पाहिले आहेत आणि तिथं नंतर कुणालाच काही सिद्ध करता आलेलं नाही. दगड किती जुना ते सांगता येतं, पण तो कोरला कधी किंवा उभा केला कधी, हे दगड सहसा सांगत नाही. ते सांगते बुडाशी साचलेली माती : त्यातला कोळशाचा कण, खापराचा तुकडा, दगडी हत्याराची ढलपी. तुम्ही जिला कचरा म्हणून झाडणार, ती मातीच पुरावा आहे. खडू कोरीव खाचेत बसतो आणि हत्याराच्या खुणा झाकतो. घासलं तर त्या कायमच्या जातात. भोकात काठी घालून ते ‘मोकळं’ही करू नका, ते माणसानं पाडलं की पाण्यानं, हे आतल्या कडांवरूनच ठरवायचं असतं.

आणि वाद मिटायची वाट कसली पाहता? भावकीचे वाद दोन पिढ्या चालतात, चिरेखाणीचं यंत्र एका दिवसात सडा कापून नेतं. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण यादीत नसलेला तुमचा सडा त्यानं आपोआप वाचत नाही. कळवल्यानं कुणाचा हक्क बुडेल अशी भीती असेल तर वकिलाला विचारा, पण कळवणं त्यासाठी अडवू नका.

लांबून, चारही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवा, पण ते समाजमाध्यमांवर टाकू नका. मग राज्य पुरातत्त्व विभागाला आणि तहसीलदारांना लेखी अर्ज द्या, खाणीचं अंतर त्यात नमूद करा आणि पोच घ्या. सूर्य त्या भोकातून दिसतो का, हे पुढच्या डिसेंबरातही पाहता येईल. अर्ज या आठवड्यात गेला पाहिजे.