आधार मोजताना आधी सासूबाईंना चहाला पाठवा

अंगणवाडीतल्या मुलांच्या आयांना किती आधार वाटतो हे मोजायला मानसशास्त्रज्ञ झिमेट आणि सहकाऱ्यांची 1988 ची मापनश्रेणी (विधानं किती पटतात ते विचारून गुण द्यायची प्रश्नावली) पुरते. विधानं 12 : कुटुंब, मित्रमैत्रिणी आणि ‘खास व्यक्ती’ यांची प्रत्येकी 4. प्रत्येक विधानाला गुण 1 (अगदी नाही पटत) ते 7 (अगदी पटतं). सरासरी तिन्हींची वेगवेगळी काढा.

सातपैकी एक आकडा तोंडी विचारलात, तर बाई दमून ‘सात’ म्हणते. म्हणून दोन पायऱ्या करा. आधी ‘पटतं, नाही पटत, की मधेच?’ मग ‘थोडं, बरंच, की अगदी?’ मधेच म्हणजे 4. सगळी विधानं होकारार्थी आहेत, त्यामुळे ओळीने सात आले की थांबा; ती बहुधा नुसती मान डोलावतेय.

खरा गोंधळ ‘कुटुंब’ शब्दाचा. सासर की माहेर? विधानं बदलू नका, पण शेवटी ‘कोण डोळ्यांसमोर होतं?’ हे विचारून नोंदवा. लग्नानंतर मैत्रिणी बऱ्याचदा सुटलेल्या असतात; मैत्रिणी म्हणून शेजारीण, बचत गटातल्या बायका चालतील का, हे सर्वेक्षणाआधीच ठरवून सगळ्या प्रश्नकर्त्यांना सारखंच सांगा.

आणि सासू उंबऱ्यात बसली असेल, तर कुटुंबाचे गुण फुगणारच. मुलाखत अंगणवाडीत, मूल सोडायला आल्यावर घ्या. ‘गेल्या महिन्यात मूल कोणी सांभाळलं?’ हा प्रश्न वेगळा ठेवा : मिळालेली मदत आणि वाटणारा आधार एक नव्हे.