लक्षात राहत नाही, की आठवत नाही?

उदगीरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. दहावीतला मुलगा घरी उत्तरं घडाघडा म्हणून दाखवतो, पेपर देऊन आला की म्हणतो, ‘लक्षातच राहिलं नाही.’ त्यावर आजी त्याला टोकते, ‘लक्षात ऱ्हाईलं न्हाई म्हणू नगं, आठवलं न्हाई म्हण.’ दोन्हींचा अर्थ एकच ना, असं ताई विचारतात.

एकच नाही. आजींचं बरोबर आहे.

लातुरात शिकवणीच्या दारात उभं राहिलं की दर दोन पालकांमागे एकाच्या तोंडी हे वाक्य असतं: ‘आमच्याच्या काही लक्षात राहत नाही.’ पोरगं शेजारी उभं असतं, मान खाली घालून. एक शब्द चुकीचा वापरला की एका मुलावर कायमचा शिक्का बसतो, याची मला चीड येते. लक्षात राहणं म्हणजे आत शिल्लक असणं. आठवणं म्हणजे ते शिल्लक वेळेला पुढं येणं. पेपर देऊन घरी आल्यावर, हातपाय धुताना उत्तर आठवलं, तर ते लक्षात होतंच की!

एंडेल टुल्व्हिंग आणि झेना पर्लस्टोन या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली हेच प्रयोगानं दाखवलं. लोकांना शब्दांच्या याद्या दिल्या, शब्द गटागटांनी मांडलेले. नंतर नुसतं ‘आठवा’ म्हटलं तेव्हा बरेच शब्द येईनात. गटाचं नाव सांगितल्यावर, म्हणजे ‘पक्षी’ किंवा ‘फळं’ असं काही म्हटल्यावर, त्यातले पुष्कळ आले. म्हणजे शब्द आत होते, वाट सापडत नव्हती.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. ‘आठवणे’ आलं कुठून? शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मी कानांनी ऐकलंय की ‘आठ वेळा घोकलं की आठवतं, म्हणून आठवण’. सांगणारे भाषेचे तज्ज्ञ म्हणून आले होते आणि समोरचे दीडेकशे शिक्षक ते वहीत उतरवून घेत होते. ही व्युत्पत्ती नव्हे. आठ या आकड्याचं क्रियापद झालं म्हणता, मग सातानं आणि नवानं काय घोडं मारलं होतं?

‘पाठवणे’ बघा. संस्कृत प्रस्थापयति, प्राकृत पट्ठावइ, मराठी पाठवणे. याबद्दल वाद नाही. आता ‘प्र’च्या जागी ‘आ’ ठेवा. आस्थापयति. ‘स्थ’चा ‘ठ’ झाला, ‘प’चा ‘व’ झाला, अगदी त्याच वाटेनं. आठवणे! माझं ठाम मत आहे की ही सख्खी भावंडं आहेत. पहिला शब्द वस्तू इथून पुढं धाडतो, दुसरा ती आणून समोर उभी करतो. मूळ धातू ‘स्था’, उभं राहणं. हे घराणं केवढं मोठं आहे! ‘ठेवणे’ त्यातलं. ‘ठाव’ त्यातला, आणि ठावापासून आपलं ‘ठाऊक’. आपल्याकडं म्हातारी माणसं ‘मला ठावं न्हाई’ म्हणतात, ते गावंढळ म्हणून हसण्यावारी नेण्यासारखं नाही, ते फार जुनं आणि नेमकं मराठी आहे. ‘ठरवणे’सुद्धा मी ‘स्थिर’मार्फत याच घरात आणतो. काही अभ्यासकांना ही ओढाताण वाटते. त्यांनी दुसरी सरळ वाट दाखवावी, मी माझी सोडीन.

ठाऊक असणं, आठवणं, ठरवणं ही तिन्ही एका घरातली, आणि माणसाच्या डोक्यातही ती तशीच एकमेकांना धरून चालतात. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलं की जे चटकन आठवतं तेच जास्त वेळा घडतं, असं माणूस धरून चालतो. गेल्या साली तुरीला भाव लागला, शेजाऱ्यानं ट्रॅक्टर आणला. ते चित्र डोळ्यांपुढं उभं राहतं आणि मृगाच्या तोंडावर घरात ठरतं, यंदा तूरच. पडलेल्या भावाची तीन सालं ठाऊक असतात, पण ती त्या घडीला समोर येत नाहीत. आठवलं तसं ठरलं.

‘सय’ राहिलीच. स्मृतीचं पालीत ‘सति’, प्राकृतात ‘सइ’, आपल्याकडं ‘सय’. सासरी नांदणाऱ्या लेकीला माहेरची येते ती. संभाजीनगरात नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय आहे. त्या नावामागचा मिलिंद राजा ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेनाला विचारतो, ‘सति’चं, म्हणजे स्मृतीचं, लक्षण काय? नागसेन राजाच्या भांडागारिकाचा दाखला देतो: तो सकाळ-संध्याकाळ राजाला सांगतो, महाराज, आपले इतके हत्ती, इतके घोडे, इतकं सोनं. किती नेमकं! दाखला कोठाराचा नाही दिला, कोठारातलं रोज बोलून दाखवणाऱ्या माणसाचा दिला.

मुलानंही तेच करावं. पुस्तक मिटावं आणि आठवून बघावं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते, आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून बघणारे. वाचताना ‘हे येतंय मला’ वाटतं ती ओळख असते, ते आठवणं नसतं. आणि ‘हुशार आहे पण लक्षात राहत नाही’ हे वाक्य ताईंनी घरातून हद्दपार करावं. हुशार म्हणजे मुळात होश असलेला, फारसीतला होशियार. तापातून उठल्यावर आपण ‘आता हुशारी वाटते’ म्हणतो तो अर्थ मुळाच्या जास्त जवळ आहे. त्याचा घोकण्याशी संबंध नाही.

ताई, एक काम करा. उदगीरकडं ‘ठाव’ कशाकशाला म्हणतात, आजींना विचारून कळवा. विहिरीचा ठाव मला माहीत आहे, जेवणाचा ठाव घेतात तोही. आणखी असणार.