पाच वर्षांनी परत यायचंय ना, मग आधी यजमानांच्या घरांचं बघ

तू विचारलंस, अमेरिकेतल्या मंदिराचं बोलावणं आलंय, पाच वर्षं पौरोहित्य करून नाशिकला परत यायचंय, तर परतल्यावर काही अडचण येते का? जायचं कसं ते सांगणारे दहा भेटतील. परतण्याबद्दल कुणी बोलत नाही. मी 2014 ते 2019 ओहायोत होतो, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

पहिलं म्हणजे, आर-1 वर, म्हणजे धार्मिक कामासाठीच्या व्हिसावर, पाच वर्षं एकदम मिळत नाहीत. आधी जास्तीत जास्त 30 महिने, मग मुदतवाढ मिळाली तर आणखी 30. तो अर्ज तू नाही, मंदिर करतं. आमच्या समितीने तो इतका रेंगाळत ठेवला की दोन महिने आम्ही भरलेल्या बॅगांतूनच कपडे काढून घालत होतो. तेव्हा अडीच वर्षांनीही यावं लागेल, हे धरून चाल. बायकोला आर-2 वर, म्हणजे सोबत येणाऱ्या कुटुंबाच्या व्हिसावर, नोकरी करता येत नाही. हिने बालवाडीची नोकरी सोडली ती सोडलीच, परतल्यावर प्रत्येक मुलाखतीत "मधली पाच वर्षं काय केलंत?"

सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शन योजनेचे, पैसे भरावे लागतात, पण पेन्शनला 40 क्रेडिट हवेत आणि वर्षाला 4च मिळतात. भारताचा अमेरिकेशी त्याबाबत करारही नाही. कृष्णार्पणमस्तु म्हणायचं. मूल तिथे झालं आणि अमेरिकन नागरिक ठरलं, तर त्याचं ओसीआय कार्ड, म्हणजे भारतात राहण्याची कायमची सोय, निघण्याआधीच करून घे. एनआरई खातं, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं बँक खातं, परतल्यावर बँकेला सांगून बदलून घ्यावं लागतं. हे सगळं निभतं.

निभत नाही ते घरांचं. जाताना माझ्या यजमानांची साठेक घरं मी चुलतभावाकडे सोपवली. घरातलाच माणूस, बोलायचं काय, म्हणून काहीच ठरवलं नाही. परत आलो तेव्हा ती त्याची झाली होती, आणि चूक त्याची नाही. एका घरी आजोबा गेले तेव्हा रात्री अकराला फोन आला, हा भर पावसात स्कूटर काढून गेला. तेराव्यापर्यंतचं सगळं त्याने केलं. ते घर मी कोणत्या तोंडाने मागू? वीसेक घरं आपणहून माझ्याकडे आली, बाकीची नव्याने जोडली. तू जाण्याआधी कुणा मोठ्या माणसासमोर बसून ठरव, कुठली घरं सांभाळायला दिलीस आणि कुठली कायमची. आणि दिवाळीला, पितृपक्षाच्या आधी यजमानांना फोन करत जा. पैसे पाठवण्याइतकंच ते महत्त्वाचं.

दुसरं, जीभ. पूजेआधी संकल्पात आपण कुठे बसलोय ते सांगतो, तिथे इथल्या जंबुद्वीपाऐवजी तिकडे क्रौंचद्वीपे, रमणकवर्षे, ऐंद्रखंडे म्हणतात. परतल्यावर पंचवटीतल्या पहिल्याच वास्तुशांतीला माझ्या तोंडून क्रौंचद्वीप निघालं. कोपऱ्यात माळ ओढत बसलेले यजमानांचे वडील डोळे न उघडता म्हणाले, "गुरुजी, विमान उतरवा." सगळे हसले, मीही हसलो, पण घाम फुटला. तिथे गॅरेजच्या दारात फॉइलच्या ट्रेमध्ये होम, आत केला तर धुराचा अलार्म वाजतो. सत्यनारायणाची कथा निम्मी इंग्रजीत, तीही आटोपशीर, कारण लोकांना जेवून लांब गाडी हाकत जायचं असतं. सवय लागते. शेजारी चूक काढणारा कुणी नसतो, त्यामुळे मंत्रांचे स्वर कधी सैल झाले ते कळलंही नाही. परतल्यावर 38व्या वर्षी सहा महिने गुरुजींकडे पुन्हा संथा घेतली, म्हणजे त्यांच्या मागून मंत्र म्हणत पाठ पक्के केले, दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या ओळीत मांडी घालून. तू आठवड्यातून एकदा तरी एखाद्या सहाध्यायाबरोबर फोनवर मंत्र म्हणत राहा. वेळेचं गणित जुळतं, तिथली सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ.

पुढच्या आठवड्यात घराकडे ये. येताना यजमानांची वही आण, नावं घेऊन एकेक बघू.