वाचकांचे प्रश्न : शेपटीची पिसं

प्रश्न : मोर नाचताना शेपूटच उभारतो ना? आणि उडताना एवढ्या पिसाऱ्याची त्याला अडचण होत नाही का?

उत्तर : पिसारा म्हणजे मोराची शेपूट नव्हे. पाठीच्या टोकाला, शेपटीच्या मुळावर उगवणारी ती आच्छादक पिसं आहेत. पूर्ण वाढलेल्या नराला साधारण १५० ते २०० असतात. खरी शेपूट त्यांच्याखाली दडलेली असते. तिची पिसं २०, तपकिरी, आखूड आणि ताठ. नाचणारा मोर पुढून सगळेच पाहतात. त्याला मागून जरूर पाहा. ही तपकिरी पिसं पंख्यासारखी उभी राहून सगळा पिसारा तोलून धरतात. लांडोर जवळ आली की तीच सेकंदाला सुमारे २५ वेळा थरथरतात, पिसाऱ्याच्या दांड्यांवर आपटतात आणि ती ओळखीची सळसळ ऐकू येते. इतक्या थरथरीतही पिसांवरचे ‘डोळे’ जवळजवळ स्थिर राहतात, कारण तिथले तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत घट्ट अडकलेले असतात. भोवतीचे सुटे तंतू तेवढे हलतात. ही रचना खरोखर थक्क करणारी आहे.

उडताना पिसारा मिटलेला असतो आणि मागे लांबत जातो. मोराला लांबचा पल्ला गाठायचाच नसतो. छातीच्या दणकट स्नायूंच्या जोरावर झटक्यात उठून झाड गाठलं की भागतं. पावसाळा सरत आला की पिसारा गळतो आणि पुन्हा नव्याने वाढतो, त्यामुळे ऑक्टोबरात लांडा मोर दिसला तर तो आजारी आहे असं समजू नका. सापडलेल्या मोरपिसाच्या देठाचं टोक निरखून पाहा. आपोआप गळलेलं असेल तर ते कोरडं, स्वच्छ असतं. उपटलेल्या पिसाला रक्ताचा डाग किंवा मांसाचा कण चिकटलेला असू शकतो. असं पीस कुणी विकत असेल तर घेऊ नका.

प्रश्न : घार घिरट्या घालताना शेपूट सारखी का पिळते?

उत्तर : वळण्यासाठी. विमानाच्या शेपटीवर उभं सुकाणू असतं, पक्ष्याला तसं काही नसतं. म्हणून घार पसरलेली शेपूट एका अंगाला तिरकी करते. तिच्यावरून जाणारा वारा अंगाचा मागचा भाग बाजूला ढकलतो आणि घार वळते. उतरताना तीच शेपूट फुलवून खाली झुकवली की वेग मरतो. शेपटीतली खाच मिटलेल्या अवस्थेत ठळक दिसते, पण पूर्ण फुलवल्यावर जवळजवळ नाहीशी होते, आणि खाचेवरून घार ओळखू पाहणारे नवखे निरीक्षक इथेच फसतात. फुललेल्या शेपटीत खाच दिसली नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका, शेपूट मिटेपर्यंत थांबा. ब्राह्मणी घारीची शेपूट मात्र टोकाला गोलसरच असते.

प्रश्न : सुतारपक्षी शेपटीचा टेकू घेतो. मग पिसं गळतात तेव्हा तो काय करतो?

उत्तर : टेकूचा मुख्य भार मधल्या, सर्वांत ताठ जोडीवर असतो. म्हणून ती जोडी सगळ्यांत शेवटी गळते, शेजारची नवी पिसं भार पेलण्याइतकी वाढल्यावरच.