सात रात्री, एकच मुक्काम: कोस्टा रिकात कुठे?

मध्य अमेरिकेतल्या जंगल-सहलीबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: मार्चअखेर मुलांना सुट्टी आहे. आम्ही दोघं, मुलं 9 आणि 13 वर्षांची, शिवाय साताऱ्याहून आलेले सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. एजंटने सात रात्रींत ला फॉर्तुना, मोंतेवेर्दे आणि मानुएल अंतोनियो असे तीन मुक्काम बसवून दिलेत. मला मात्र बॅगा एकदाच उघडायच्या आहेत. कुठे राहावं? (न्यू जर्सी)

उत्तर: ला फॉर्तुनाला राहा आणि बाकीचे दोन मुक्काम एजंटला काढायला सांगा.

कोस्टा रिका नकाशात एवढासा दिसतो. क्षेत्रफळ साधारण 51 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम सहावा हिस्सा. त्यामुळे सगळ्यांना वाटतं, दोन-दोन दिवस वाटून घेऊ. पण हा देश सगळा घाटाचा आहे. ला फॉर्तुना ते मोंतेवेर्दे हे सरळ रेषेतलं अंतर पंचवीस-सव्वीस किलोमीटर असेल. मध्ये डोंगर आणि आरेनालचा तलाव असल्याने रस्ता मात्र तिलारानवरून वळसा घेत शंभर किलोमीटरच्या वर जातो आणि साडेतीन-चार तास खातो. त्यात सकाळी अकराला खोली सोडायची आणि दुपारी तीनला नवी मिळायची. मुक्काम हलवला की अख्खा दिवस जातो, आणि नेमकी सकाळ हातची जाते. जंगलात सगळं काही सकाळी दिसतं, त्यामुळे हे नुकसान मोठं आहे.

तिन्ही ठिकाणं चांगली आहेत, पण तुमच्या घरातल्या माणसांना तिन्ही सोसणार नाहीत. मोंतेवेर्दे तेराशे-चौदाशे मीटर उंचीवर आहे. वारा, धुकं, अंगाला झोंबणारे तुषार आणि चढउताराचे रस्ते, म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांना त्रासच. मानुएल अंतोनियोला समुद्र सुंदर आणि माकडंही भरपूर, पण उद्यान लहान आहे. दोन दिवसांत ते पाहून होतं आणि उरलेले दिवस उकाड्यात जातात. ला फॉर्तुना अडीचशे मीटरच्या आसपास आहे. हवा सोसवते, गाव सपाट आहे, आणि तासाभराच्या आत ज्वालामुखी, धबधबा, गरम पाण्याचे झरे, नदी आणि झुलते पूल असं सगळं मिळतं. एकाच दिवशी घरातली तीन माणसं तीन वेगळ्या गोष्टी करून रात्री एकत्र जेवायला बसू शकतील, असं ठिकाण तिन्हींत हेच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे मुलांचा हिरमोड होणार नाही. आरेनाल ज्वालामुखी आता लाव्हा ओकत नाही. 29 जुलै 1968 ला शेकडो वर्षांची झोप मोडून तो फुटला आणि 2010 पर्यंत धुमसत राहिला. रात्री लाल ओघळ दाखवणारे फोटो त्या काळातले आहेत. आज दिसतो तो नीटस शंकू, तोही ढग बाजूला झाले तर. पहाटे उठल्याबरोबर खिडकीतून बघायची सवय ठेवा. नऊनंतर तो बहुतेकदा टोपी घालतो.

गावात कुठे राहायचं, हे ठरवणंही तितकंच महत्त्वाचं. गरम झऱ्यांची मोठी हॉटेलं गावाच्या पश्चिमेला, ताबाकोनच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर आहेत. देखणी आहेत, पण तिथून दुधाच्या पिशवीसाठीही गाडी लागते. तुम्ही सहा जण आहात, दोघं वयस्कर, तेव्हा चर्चच्या चौकापासून चालत दहा मिनिटांत, तळमजल्यावर आणि छोट्या स्वयंपाकघरासकट जागा बघा. सुपरमार्केट, कपडे धुऊन देणारी दुकानं, औषधं, सगळं पायाशी येतं. टूरच्या गाड्या गावातून न्यायला येतात. एल कास्तियो हे तलावाकाठचं गाव फोटोत मोहात पाडतं, पण रोज ये-जा करायला ते दूर पडतं.

दिवस असे लावा. सकाळचा पहिला गट झुलत्या पुलांचा. मिस्तिको उद्यानात तीनेक किलोमीटरच्या वाटेवर सोळा पूल आहेत, त्यातले सहा झुलते. वाट बांधलेली आहे. सासूबाई सावकाश अडीच तासांत पूर्ण करतील, आणि नाहीच जमलं तर सुरुवातीचा छोटा टप्पा करून परततील. दुर्बीण घेतलेला वाटाड्या नक्की घ्या. त्याच्याशिवाय गेलेल्यांना हिरवा रंग दिसतो, प्राणी दिसत नाहीत.

ला फॉर्तुनाचा धबधबा सत्तर मीटरचा आहे आणि खाली उतरायला सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. उतरताना गुडघे आणि चढताना छाती, दोन्ही परीक्षा देतात. सासू-सासऱ्यांना वरच्या सज्जावर बसू द्या. तिथून पूर्ण धबधबा दिसतो. मुलांना खाली न्या, पण धारेखालच्या डोहात उतरवू नका. पाण्याची ओढ जबर असते. थोडं खाली, दगडांमधल्या संथ पाण्यात डुंबता येतं.

नदीसाठी दोन वेगळे गट करा. बाल्सा नदीवरचं राफ्टिंग दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचं आहे. ते 9 वर्षांच्या मुलाला बहुतेक ठिकाणी चालतं, मात्र वयाची आणि उंचीची अट आरक्षण करतानाच विचारा. सारापिकीचा तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचा टप्पा धाकट्यासाठी नाही. त्याच सकाळी आजी-आजोबांना पेन्यास ब्लांकास नदीवर ‘सफारी फ्लोट’ला पाठवा. खळाळ जवळपास नाही, वाटाड्या वल्हवतो, आपण बसून काठावरची माकडं, इग्वाना (मोठा सरडा) आणि स्लॉथ (झाडाला लटकणारा संथ प्राणी) बघायचे.

झिपलाइनला मुलं जाणारच. काही ठिकाणी ब्रेक आपोआप लागतो, काही ठिकाणी जाड चामड्याच्या हातमोज्याने केबल दाबून वेग कमी करावा लागतो. दुसरा प्रकार असेल तर मुलांना एवढं पक्कं सांगा: हात नेहमी कप्पीच्या मागे, पुढे कधीच नाही. पुढे धरला तर कप्पी बोटांवर येते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे घाबरून लवकर दाबणं. मग माणूस फलाटाच्या अलीकडेच थांबतो. तसं झालं तर उलटं फिरून, पाठ फलाटाकडे करून, एकावर एक हात टाकत स्वतःला ओढायचं किंवा स्वस्थ बसायचं, मदतनीस येतो.

संध्याकाळ गरम झऱ्यांची. सासऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, मग बाहेर, मग पाणी पिणं, असा क्रम ठेवा.

एक दिवस रिओ सेलेस्ते या नदीसाठी राखा. ती तेनोरियो ज्वालामुखीच्या उद्यानात, साधारण दीड तासावर आहे. नदी आकाशी निळी आहे. दोन ओढे मिळून ती होते: एक बुएनाविस्ता, दुसरा आग्रिया, म्हणजे ‘आंबट’. हा दुसरा खरोखरच आम्लधर्मी आहे. दोघं भेटतात त्या जागेला ‘तेनियिदेरो’ म्हणतात, रंगाऱ्याची जागा. आम्लता बदलल्याने बुएनाविस्ताच्या पाण्यातले ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, आणि त्या आकाराचे कण निळा प्रकाश पसरवतात. पाणी ओंजळीत घेतलं तर साधंच दिसेल. संगमावर पाच मिनिटं उभं राहिलात तर रेघ ओढल्यासारखा फरक कळतो: वरच्या अंगाला काचेसारखं पाणी, खाली निळं. रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर मात्र ते चहासारखं गढूळ असतं, म्हणून तिकीट आधी काढलं तरी त्या सकाळी हॉटेलात चौकशी करूनच निघा. दुपारी दोननंतर आत सोडत नाहीत, पोहायला मनाई आहे, आणि धबधब्याकडे उतरायला अडीचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सासूबाईंनी हा दिवस गावातल्या बोगारिनच्या सपाट पायवाटेवर घालवावा. स्लॉथ तिथेच जास्त हमखास दिसतो. छत्रीसारख्या मोठ्या पानांची सेक्रोपियाची झाडं शोधा आणि फांदीच्या बेचक्यात करड्या-हिरव्या गोळ्याकडे बघत राहा. तो हलेपर्यंत वारूळ वाटतो. हिरवट रंग त्याच्या केसांत वाढणाऱ्या शेवाळाचा.

विमान सान होसेला दुपारी दोननंतर उतरत असेल तर त्याच दिवशी ला फॉर्तुना गाठू नका. तीन तासांचा घाट आहे आणि सहाच्या आत अंधार पडतो. ती रात्र विमानतळाजवळ अलाहुएलात काढा. शिवाय ईस्टरचा आठवडा तुमच्या तारखांत येतो का, ते आजच बघा. त्या आठवड्यात अख्खा देश सुट्टीवर निघतो, चार-पाच महिने आधी नोंदणी लागते.

सासू-सासऱ्यांच्या पासपोर्टवर बहुप्रवेशाचा वैध अमेरिकी व्हिसा असेल तर कोस्टा रिकाचा वेगळा व्हिसा लागत नाही. मुदतीच्या अटी मात्र वकिलातीच्या संकेतस्थळावर तिकीट काढण्याआधी वाचा. व्हिसा एकच प्रवेशाचा असेल तर त्यांना नेऊ नका, परत अमेरिकेत येता येणार नाही.

प्रश्न: आम्हाला दिवाळीच्या सुट्टीतच जमतं, म्हणजे ऑक्टोबर. तरीही ला फॉर्तुनाच का? (पुणे)

उत्तर: नाही, ऑक्टोबरला उलटं गणित आहे. पॅसिफिकच्या बाजूला तेव्हा सर्वात जास्त पाऊस असतो, आणि ला फॉर्तुनाला तर बाराही महिने पडतो. (कोरडे म्हणावेत असे महिने फेब्रुवारी ते एप्रिल.) पण दक्षिण कॅरिबियन किनारा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वात कोरडा असतो. पुएर्तो व्हिएहोला तळ ठोका. कावीता राष्ट्रीय उद्यान जवळ आहे. किनाऱ्यालगतच्या सपाट वाटेवर माकडं, स्लॉथ आणि पिवळा साप दिसतो. प्रवाळावर स्नॉर्केलिंग वाटाड्याबरोबरच करता येतं. साहसासाठी पाकुआरे नदीचं राफ्टिंग. काही कंपन्या सकाळी सान होसेतून उचलतात, दिवसभर नदीवर ठेवतात आणि संध्याकाळी पुएर्तो व्हिएहोला सोडतात. प्रवास आणि राफ्टिंग एकाच दिवसात बसतं.

परतीला काळजी घ्या. सान होसेला जोडणारा 32 क्रमांकाचा रस्ता ब्राउलिओ कारियोच्या डोंगरातून जातो आणि दरडी कोसळून बंद होतो. आपल्या घाटात जुलैत होतं तसंच. विमानाच्या आदल्या रात्री राजधानीत या. समुद्रात ओढ लागली तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहा, पट्ट्याबाहेर आलात की मग वळा.

प्रश्न: गाडी भाड्याने घ्यावी का? ऑनलाइन फारच स्वस्त दिसते. (ह्यूस्टन)

उत्तर: दिसतो तो भाव अर्धाच असतो. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा तिथे सक्तीने विकत घ्यावा लागतो आणि अमेरिकी क्रेडिट कार्डाचं संरक्षण त्याला चालत नाही. काउंटरवर गेल्यावर आकडा दुप्पट होतो आणि वाद तिथेच होतात. आधी ईमेलने सगळं मिळून किती, ते लिहून घ्या.

एकाच गावात तळ असेल तर विमानतळावरून शेअर व्हॅनने या आणि रिओ सेलेस्तेपुरती दोन दिवस गाडी घ्या. एकेरी पुलावर ‘सेदा एल पासो’ अशी पाटी तुमच्या बाजूला असेल तर थांबायचं तुम्ही. ओढ्याच्या पाण्यातून गाडी घालू नका, ते नुकसान विम्यात धरत नाहीत. पार्किंगमध्ये सीटवर एक पिशवीसुद्धा ठेवू नका.

प्रश्न: घरात कडक शाकाहारी आहेत. आठ दिवस निभावेल का? (नाशिक)

उत्तर: निभावेल, आणि चांगलं. सकाळी ‘गायो पिंतो’, म्हणजे भात आणि काळा घेवडा परतलेला. दुपारी ‘कासादो’ची थाळी: भात, घेवडा, कोशिंबीर, पिकलेल्या राजेळी केळ्याच्या तळलेल्या चकत्या. मांसाचा तुकडा काढून मागा. मात्र नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणू नका. तिथे ‘कार्ने’ म्हणजे अनेकांच्या डोक्यात फक्त गोमांस असतं आणि ताटात कोंबडी येते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं पूर्ण म्हणा, आणि घेवड्यात ‘मांतेका दे सेर्दो’, म्हणजे डुकराची चरबी, आहे का विचारा. तेवढ्यासाठी कागदावर लिहून ठेवलेलं बरं.

बरोबर मसाला, हिंग, लोणचं बंद पाकिटातलं न्या, ताजी फळं-भाज्या नकोत. पोहे दमट हवेत दोन दिवसांत चामट होतात, लहान लहान पुड्या करा.

प्रश्न: मी आणि नवरा, दोघांना फक्त पक्षी बघायचे आहेत. क्वेत्झालसाठीही ला फॉर्तुनाच? (टोरांटो)

उत्तर: तुमच्यासाठी मोंतेवेर्दे. क्वेत्झाल थंड, ढगाळ उंचीवर राहतो आणि रानटी आवोकाडोची छोटी फळं खातो. मार्च ते मे हा विणीचा काळ, तेव्हा झाडाच्या ढोलीजवळ तासन्‌तास थांबायची तयारी ठेवा. वाटाड्याशी आदल्या संध्याकाळीच बोला, कारण कुठलं झाड फळलंय हे त्यालाच ठाऊक असतं. पहाटेच्या थंडीतून परतल्यावर कॅमेरा बंद पिशवीतच खोलीत न्या आणि वीस मिनिटांनी उघडा. गार झालेला कॅमेरा थेट उबदार, दमट हवेत काढला की भिंगावर बाष्प धरतं, आणि पुसत बसावं लागतं.