वाकळ पाठवण्याआधी

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

वसतिगृहातल्या बारा जणी मिळून पावसाळ्याआधी पूरग्रस्तांसाठी चाळीस गोधड्या शिवणार, हे वाचून बरं वाटलं. पण शिवणकामाची जुनी बाई म्हणून सांगते, जाड गोधड्या शिवू नका.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमचं मिरजेतलं घर उंचावर, कोरडं, त्यामुळे मला तर घरात बसवेना. शेजारपाजारी फिरून नऊ वाकळा गोळा केल्या, अर्धवट पडलेल्या दोन वाकळा रात्री जागून पुऱ्या केल्या आणि अकराही एका शाळेतल्या छावणीत देऊन आले. चार-चार लुगड्यांचे थर, बोटाबोटाच्या अंतरावर धावदोरा. मिरवावं असंच काम होतं.

चार दिवसांनी पुन्हा गेले, तर त्यातली एक वाकळ वर्गात दोन बाकांवर ताणून टाकलेली. खाली पाण्याचं थारोळं. बाळानं भिजवली म्हणून आईनं धुतली होती. दोघी मिळून पिळली तरी पाणी निघेना आणि ऐन श्रावणात ऊन कुठून आणणार? कुबट वास वर्गभर पसरलेला. ती बाई मलाच ओशाळून म्हणाली, "बाई, ऊब लई हाय, पर वाळंना की वो." चूक माझी आणि ओशाळली ती. घरी येताना रिक्षात मी एक शब्द बोलले नाही.

म्हणून आधी विचारा. गेल्या वेळी ज्यांनी छावणी चालवली त्यांना फोन करा, तिथे राहिलेल्या एखाद्या बाईशी बोला. 'काय पाठवू' असं मोघम विचारलंत तर संकोचानं 'काहीही चालेल' असंच उत्तर येतं. 'रात्री बाळाखाली काय घालत होता?' असं विचारा, म्हणजे खरं कळेल. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून होते. पुढे 'गूंज'सारख्या संस्थेला ते निवडत बसावं लागलं. देणाऱ्यांची माया खोटी नव्हती गं, पण घेणाऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं.

माझ्या मते तुम्ही दुपटी शिवा. जुन्या सुती साडीचे दोनच थर, कडेनं पक्की दुमड, मध्ये विरळ धावदोरा. पिळायला हलकी आणि पंख्याखालीही वाळतात. त्यांच्या जोडीला लंगोट आणि झबली. धुवून धुवून मऊ झालेल्या धोतराला तोड नाही. झबल्याला बटण नको, आखूड बंद लावा. तान्ह्या बाळांना बटणं तोंडात घालायची फार हौस. लेस, टिकल्या, झालर काही नको. तुमच्यातली एखादी हट्ट करेलच, तिला माझं नाव सांगा.

कापडी पॅडचं तू विचारलंस. शिवा, पण पहिल्या आठवड्यासाठी नव्हे. छावणीत धुवायला पाणी नाही, वाळत घालायला आडोसा नाही. तेव्हा विकतचे, वापरून टाकायचेच लागतात. बायका घरी परतून चिखल उपसायला लागल्या की कापडी पॅड कामाला येतात. प्रत्येक पुडीत वाळत घालायला दोरी आणि दोन चिमटे टाका, आणि उन्हात वाळवा असं तोंडानं सांगा. साडीखाली लपवून वाळवलेलं कापड ओलसर राहतं आणि मग अंगावर खाज उठते. हे बोलायला लाजायचं नाही.

आता सुया. बसताना मोजून द्यायच्या, उठताना मोजून घ्यायच्या. एखादी मोडली तर दोन्ही तुकडे हाती लागेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. माझ्या त्या अकरांतल्या एका वाकळेत सुईचं टोक राहिलं होतं. नशीब, देण्याआधी ते माझ्याच तळहातात घुसलं. तेव्हापासून तयार कपड्यावर लोहचुंबक फिरवल्याशिवाय मी घडी घालत नाही. साध्या साबणानं एकदा धुवून कडक उन्हात वाळवा आणि मगच बांधा. गठ्ठ्यावर आत काय आहे आणि किती नग, ते ठळक मराठीत लिहा. छावणीत रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात गठ्ठे उघडणाऱ्याला तेवढीच मदत. देताना बायांचे फोटो मात्र काढू नका.

चाळीसचा आकडा सोडून दे. वीस दुपटी नीट झाली तरी पुष्कळ. २००५, २०१९, २०२१... नदी काही आपली मुदत पाळत नाही, तेव्हा उरलेली पुढच्या वर्षी कामी येतील. डांबराच्या गोळ्या मात्र घालू नकोस, बाळाच्या कपड्यांना तो वास नको. कडुलिंबाचा वाळलेला पाला घाल.

सहा धोतरं धुवून ठेवली आहेत. रविवारी ये आणि घेऊन जा. येताना मापाची नवी टेप आण, माझ्या टेपवरचे पहिले चार इंच पुसले गेलेत.

तुझी,
शिवणाच्या बाई